वेळुरिय म्हणजे काय, बाई?

बाई,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मनात आलं नाही. सांगण्यासारखं होतं ते तुम्ही असतानाच सांगून झालं होतं, आणि जे उरलं ते सांगण्यासारखं नव्हतं. आज मात्र एका खड्याच्या नावाबद्दल लिहायचं आहे. ते नाव तुमच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं होतं. दुकान उघडून तास झाला. पौडच्या स्टँडवर अजून धुकं उतरलेलं आहे, एसटीचे नुसते दोन पिवळे डोळे येतात आणि मग मागून गाडी येते. अशा धुक्यात गिऱ्हाईक येत नाही. माझ्यासमोर चष्म्यांच्या नंबरांचं पॅड आहे, त्याच्याच पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे.

धुकं पडलं की मी अजून कधीकधी चष्मा काढून बसते. लहानपणी मला सगळं जग असंच दिसायचं, आणि तसंच ते असतं अशी माझी समजूत होती. डोंगर म्हणजे धुराचा एक मोठा लोळ. धरणाचं पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं हे कुणालाच कळत नसणार. संध्याकाळी वस्तीत कंदील लागले की प्रत्येक कंदिलाचं मोठं, लोकरीसारखं फूल व्हायचं आणि ती फुलं अंगणातून तरंगत जायची. माणसं मी चालीवरून ओळखायची. आई येतेय हे तिच्या उजव्या पायातल्या जोडव्याच्या आवाजानं कळायचं, आप्पा येतायत हे विडीच्या वासानं. रस्त्याच्या कामावरून आप्पा परत यायचे तेव्हा डांबराचा वास आधी यायचा, मग विडीचा, मग ते. त्या जगात मी सुखात होते, बाई. कडा नसलेल्या जगात कुठं टोचत नाही.

शाळेत मात्र फळा होता. माझ्या शेजारची मुलगी ओठांतल्या ओठांत वाचत लिहायची, मी तिचं ऐकून लिहायची. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं म्हणून तुम्ही वही वर्गाला दाखवायचात. चौथीत एकदा तिला गोवर आला. तुम्ही म्हणालात, फळ्यावरची ओळ वाच. मी उभी राहिले आणि आदल्या दिवशीची ओळ खणखणीत आवाजात म्हणून दाखवली. वर्ग हसला. तुम्हाला वाटलं मी टवाळी करते आहे. दोन छड्या बसल्या. मी रडले नाही, तेच तुम्हाला खटकलं असणार. तुम्ही दारापर्यंत मागे गेलात, हात वर केलात आणि विचारलंत, "किती बोटं?"

"तीन."

तुमच्या हातात डस्टर होतं.

 तुम्ही येऊन माझ्यासमोर जमिनीवरच बसलात, पांढऱ्या पातळाला माती लागली तरी. माझा तळहात उघडून त्यावर फुंकर घातलीत आणि हळू म्हणालात, "दिसत नाही तर दिसत नाही म्हणायचं. न दिसणं ही काही तुझी चूक नाही. दिसतंय म्हणालीस, ती चूक." त्या क्षणी तुमचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. तुमच्या हनुवटीवर तीळ आहे हे मला चार वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. आई चुलीपुढं बसून तांदूळ निवडतेय. तुम्ही पाटावर न बसता तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसता. तुम्ही आमच्यातल्याच, विहारात दर रविवारी वंदना घेणाऱ्या, म्हणून आई तुमच्याशी मोकळं बोलायची. त्या दिवशी ती अडून बसली.

"बाई, चष्म्याची पोरगी कोन करून घेनार? लोक म्हनत्याल, आंधळी हाय. आन् समदं तर करतीया. पानी आनती, भाकरी थापती. दिसत न्हाई कसं?"

"अंदाजानं करते," तुम्ही म्हणालात. "तिच्या भुवया पाहिल्यात कधी?"

"त्यांना काय झालं?"

"होरपळल्यात. तव्यावरची भाकरी बघायला तोंड किती खाली नेते, बघा एकदा."

आईनं सूप बाजूला ठेवलं. माझी हनुवटी धरून चुलीच्या उजेडात तोंड फिरवलं आणि अंगठा भुवईवरून नेला. करपलेल्या केसांचा चुरा तिच्या अंगठ्याला लागला. ती बराच वेळ त्या अंगठ्याकडं बघत राहिली. "न्या बाई तिला," ती शेवटी म्हणाली. "पर तिच्या आप्पास्नी म्या सांगीन. तुमी नगा सांगू."

पुण्यातल्या त्या दुकानात माझ्या नाकावर गोल लोखंडी सांगाडा बसवला होता, तो आठवतो. म्हातारा चष्मेवाला त्यात एकेक काच सरकवत होता आणि विचारत होता, ही बरी की ही? प्रत्येक काचेसरशी भिंत माझ्याकडं एक पाऊल येत होती. आठवड्यानं चष्मा मिळाला. परतीच्या गाडीत तुम्ही मला खिडकीपाशी बसवलंत. भुगाव गेलं, भुकूम आलं. तेव्हा तिथं भातखाचरं होती आणि मधूनच एखादं कौलारू घर. मी डोंगराच्या कडेवर नजर ठेवून होते. ती एवढी बारीक होती, कात्रीनं कापल्यासारखी, की मला भीती वाटली. घरी आई दारात उभी होती. तिच्या कपाळाजवळ पांढऱ्या केसांची एक बट होती. "म्या कशी दिसती गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "लांबनं बी दिसतीस." ती हसली आणि लगेच पदरानं तोंड झाकलं.

चार दिवसांनी मी चष्मा दप्तरात घालून शाळेत आले. तुम्ही मधल्या सुट्टीत विचारलंत, का काढलास? मी सांगेना. खूप खोदून विचारल्यावर म्हणाले, "बाई, समद्यांची तोंडं दिसत्यात."

तुम्हाला कळलं. शाळेची वाट वरच्या आळीतून जायची. आम्ही पोरं जाताना माणसं बाजूला सरतात, एखादी म्हातारी वाळत घातलेलं लुगडं ओढून घेते, हे मला आवाजावरून ठाऊक होतं. पण सरताना तोंडावर काय असतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. तेही रागानं भरलेलं असतं तर बरं होतं. ते अगदी साधं असायचं, दारात कोंबडी आली तर होतं तसं.

 तुम्ही माझ्या दप्तरातून चष्मा काढलात, तुमच्या पदरानं पुसलात आणि माझ्या कानांवर अडकवलात. "दिसू दे," म्हणालात. "त्यांनाही कळू दे, तुला दिसतंय ते."

तुम्ही तो शब्द सांगितलात तो त्यानंतरच्या थंडीत. विहार म्हणजे तेव्हा एक पत्र्याची खोली. दारापुढं सारवलेली जागा आणि तिच्या कडेला वेळूचं मोठं बेट. मोठी माणसं वंदना करून गेली की तुम्ही आम्हा चार-पाच मुलींना थांबवायचात आणि पालीतल्या शब्दांचे अर्थ सांगायचात. पोपटासारखं म्हणायचं नाही, असा तुमचा दंडक. त्या दिवशी रत्नांची नावं आली होती. मोती, मणी, शंख, पोवळं हे कळत होतं. मध्येच एक अडलं.

"वेळुरिय म्हंजे काय, बाई?"

"एक खडा. संस्कृतात त्याला वैडूर्य म्हणतात."

"कसा दिसतो?"

"मी पाहिला नाही," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या कुणी काहीतरी ठोकून दिलं असतं. "कुणी म्हणतं, लसण्या तोच, मांजराच्या डोळ्यासारखा. कुणी म्हणतं, पाण्यासारखा आरपार दिसणारा, हिरवट निळा. नाव कुठून आलं त्यावरही एकमत नाही. विदूर म्हणजे फार लांब. लांबच्या डोंगरातून यायचा म्हणून वैडूर्य, असं जुनी माणसं सांगायची. काहींना वाटतं की ते दक्षिणेतल्या एखाद्या गावाचं नाव. आणि वेळूच्या पानासारखा रंग असतो, असंही कुठंतरी वाचलंय. नक्की ठाऊक नाही."

मग तुम्ही उठलात, बेटाजवळ गेलात आणि वेळूचं एक कोवळं, अजून पुरतं न उलगडलेलं पान तोडून माझ्या चष्म्यासमोर उन्हात धरलंत. मला अजून ते दिसतं. पानाच्या आत उजेड साठलेला आहे, हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, आणि त्याच्यातून पलीकडचं सगळं, पत्र्याचा विहार, दोरीवरची पांढरी साडी, माझ्या मैत्रिणींची डोकी, पाण्याखाली असल्यासारखं हलतंय. "असा असेल कदाचित," तुम्ही म्हणालात. मी कितीतरी दिवस तो खडा स्वप्नात पाहायची. तो माझ्या हातात असायचा आणि डोळ्याला लावला की मुळशीपलीकडचं, घाटाखालचं, समुद्रापर्यंतचं सगळं स्वच्छ दिसायचं. विदूर म्हणजे फार लांब. माझ्यासारखीला लांब या शब्दाएवढं दुसरं मोठं रत्न कुठलं असणार?

बारावीनंतर मी डोळे तपासण्याचा कोर्स केला, दहा वर्षं पुण्यात दुसऱ्यांच्या दुकानांत काचा बसवल्या आणि मग इथं स्टँडजवळ हे दुकान टाकलं. तुम्ही निवृत्त होऊन पौडमध्येच दोन खोल्यांत राहत होता. दुपारी दुकानात येऊन बसायचात. म्हाताऱ्या माणसांना नंबर लागेपर्यंत धीर द्यायचात, बायकांना सांगायचात की वाचता येत नसलं तरी तांदळातले खडे बघायला चष्मा लागतोच. तुमचा स्वतःचा चष्मा बरीच वर्षं तोच होता. एकदा मीच आग्रहानं तुम्हाला खुर्चीत बसवलं. समोर मराठी अक्षरांचा तक्ता. एक डोळा झाकला, म्हणाले वाचा. तुम्ही वरून खाली घडाघडा वाचत गेलात, अगदी बारीक ओळीपर्यंत.

तक्ता मी त्याच सकाळी उलटा फिरवून दुसऱ्या बाजूचा लावला होता. तुम्ही वाचलीत ती आधीच्या बाजूची अक्षरं. दुपारच्या दुपारी तिथं बसून, गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून, तुम्हाला ती पाठ झाली होती.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तुमचा चेहरा असा प्रसन्न होता, पाठ बिनचूक म्हटलेल्या मुलीसारखा. मी कापड घेतलं, तुमचा चष्मा पुसला आणि म्हणाले, "काही फरक नाही बाई, नंबर तोच आहे." तुम्ही "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणालात आणि उठताना खुर्चीचा हात चाचपडलात. तेही मी पाहिलं.

पाच महिने गेले. मग एक दिवस तुम्ही भिंतीला हात लावत दुकानाची पायरी चढलात आणि आत येऊन उभ्या उभ्याच म्हणालात, "मला दिसत नाही गं." मी शटर ओढलं आणि तुम्हाला घेऊन पुण्याला गेले. काचबिंदू. डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. उजवा डोळा गेला आहे, डावा आहे तेवढा थेंब घालून राखू, म्हणाले. नंतर कागद लिहिता लिहिता सहज म्हणाले, थोडं आधी आला असता तर. परतीच्या गाडीत या वेळी तुम्ही खिडकीपाशी होता. चांदणी चौक ओलांडल्यावर मी तुम्हाला तक्त्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, की मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. तुम्ही काचेवर डोकं टेकून ऐकत होता. भुकूमच्या नव्या इमारती एकामागून एक मागे जात होत्या. मग तुम्ही हसलात, अगदी मोकळं, तोंडावर पदर न घेता.

"वेडे," म्हणालात, "दोन छड्या मारायच्या होत्यास मला."

त्यानंतरची सहा वर्षं दर रविवारी दुपारी मी तुमच्याकडं येत होते. मी वाचायची, तुम्ही अर्थ सांगायचात. दाराबाहेर गाड्यांचा आवाज वाढत चालला होता आणि तुमच्या खोलीत सावली हळूहळू पलंगावरून भिंतीवर सरकायची. डाव्या डोळ्यात आता धुकं आहे, पण छान उजेडाचं धुकं आहे, असं तुम्ही एकदा म्हणालात. मला ते धुकं माहीत होतं, म्हणून मी काही विचारलं नाही. शेवटच्या दिवसांत तुम्ही मला आवाजावरून ओळखायचात, मग पावलांवरून, मग नुसत्या दाराच्या कडीवरून.

आता त्या खड्याचं सांगते. गेल्या आठवड्यात एक मुलगी आली, असेल तिशीची. हिंजवडीला नोकरी करते, भुकूमला नव्या सोसायटीत राहते. तिथल्या बिल्डरनं इमारतींना रत्नांची नावं दिली आहेत. पावतीवर पत्ता घालताना ती म्हणाली, "वैडूर्य, सातवा मजला. लिहायला अवघड आहे ना, ताई? डिलिव्हरीवाला रोज चुकतो." मी न अडखळता लिहिलं. तिनं वाकून पाहिलं. "अरे, बरोबर लिहिलंत! आम्हालाच महिनाभर जमत नव्हतं." आणि मग हसून म्हणाली, "आणि फनी म्हणजे, मी वैडूर्यात राहते आणि चष्मा लावते. म्हणजे एकच झालं."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. कंपनी तिला जर्मनीला पाठवणार आहे, म्हणून ती ती भाषा शिकते आहे. तिकडं चष्म्याला ब्रिले म्हणतात. तिच्या सरांनी वर्गात सांगितलं की हा शब्द बेरिल नावाच्या खड्यावरून आला. फार पूर्वी स्वच्छ काच मिळत नसे, तेव्हा तो आरपार दिसणारा खडा घासून भिंगं करत. पुढं भिंगं काचेची झाली, तरी नाव खड्याचंच राहिलं. "आणि बेरिल हा शब्द मूळचा आपला, ताई. ग्रीक लोकांनी इथून नेला, खड्यांबरोबरच. सरांनी तो जुना शब्द फळ्यावर लिहिला होता. पाली का प्राकृत काहीतरी. वेलु... वेरु..."

"वेळुरिय," मी म्हणाले.

बाई, त्या क्षणी माझ्या हातात तिची फ्रेम होती आणि बाहेर एसटी लागत होती, पण मी तिथं नव्हते. मला एक गलबत दिसत होतं. त्यात वेळूच्या पानाच्या रंगाचे खडे, आणि खड्यांबरोबर हा शब्द, कुणा खलाशाच्या तोंडात. परक्या बंदरात तो उतरतो, तिथले लोक तो आपल्या जिभेला जमेल तसा म्हणतात, त्याचा ळ हरवतो, व जाऊन ब येतो. शेकडो वर्षं तो असा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मग कुठल्याशा थंड गावात एक म्हातारा खिडकीशी बसून तो खडा घासतोय, घासतोय, आणि घासून झाल्यावर डोळ्याला लावून बघतो तर लांबचं जवळ आलेलं. तुम्ही माझ्या हाताला धरून पुण्याला नेलंत ते चष्मा घ्यायला, आणि विहाराच्या दारात शिकवलात तो वेळुरिय. एकाच वर्षात मला दोन्ही दिलेत. ते मुळात एकच आहेत हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला केवढी मौज वाटली असती. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणाला असता, अगं, मग तू रत्नांची व्यापारीण की!

हे एवढंच लिहून थांबले असते तर पत्र गोड झालं असतं. पुढचंही लिहायला हवं.

ती मुलगी चकित झाली होती. "ताई, तुम्हाला कसं माहीत? पाली येतं तुम्हाला?" तिच्या डोळ्यांत नुसतं कौतुक होतं. समोर बसलेल्या माणसाचे डोळे वाचणं हा माझा धंदा आहे, त्यात वाईट काही नव्हतं याची मी शपथ घेईन. विहार हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. आणि मी म्हणाले, "नाही हो. शाळेत आमच्या संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं."

"वा," ती म्हणाली, "काय शिक्षक असायचे पूर्वी."

आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेत संस्कृत कुठलं, बाई? तुम्ही तर संस्कृतचं पुस्तक माझ्यासमोर कधी उघडलं नाहीत. ती गेल्यावर मी आरशात पाहिलं. या वयात, स्वतःच्या दुकानात, मला जात विचारली कुणी होती, मारलं कुणी होतं? तरी जीभ आपोआप वळली आणि तिनं तुम्हाला उचलून दुसऱ्याच कुणाच्या जागी नेऊन बसवलं.

धुकं आता विरळ झालं आहे. समोरच्या हॉटेलात वडे तळायला घेतलेत, तहसील कचेरीकडं माणसं निघाली आहेत. ही पानं मी घडी करून आतल्या खणात ठेवीन. तिथं लोकांनी कधीच न नेलेले चष्मे आहेत, त्यांच्याखाली. पाठवायला पत्ता नाही हे तर आहेच. पण तुम्ही असता, दोन गल्ल्या पलीकडं असता, तरी मी हे तुमच्या हातात दिलं असतं असं वाटत नाही.

त्या मुलीचा चष्मा परवाच तयार झाला. फोन करते म्हणाले होते. अजून केलेला नाही.